तांदळाची कणगी कुठल्या बाजूला?

तांदळाची कणगी घरात कुठल्या बाजूला असते? दाराला पायऱ्या किती? तुमच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं, आणि त्याला मुलं किती? विहीर तुमच्या दारापासून किती लांब?

दहा-बारा वर्षांच्या पोराला असे प्रश्न एकामागून एक विचारले जात. समोर इमिग्रेशनचे निरीक्षक, एक दुभाषा, एक लघुलेखक. बापाची जबानी आधीच वेगळी घेतलेली असे. दोघांच्या उत्तरांचा ताळा जमला तर अमेरिका. नाही जमला तर चीनकडे जाणारं पुढचं जहाज.

हा सगळा प्रकार चाले तो सान फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल आयलंड नावाच्या बेटावर. २१ जानेवारी १९१० ला तिथं इमिग्रेशन ठाणं सुरू झालं आणि १९४० च्या ऑगस्टमध्ये मुख्य इमारतीला आग लागेपर्यंत ते चाललं. अमेरिकेचं प्रवेशद्वार म्हटलं की न्यूयॉर्कजवळचं एलिस आयलंड डोळ्यांपुढे येतं. तिथं युरोपातून आलेली बहुतेक कुटुंबं काही तासांत मोकळी होत. एंजल आयलंडवर चिनी माणसाचे आठवडे जात, कधी महिनेही.

याचं मूळ १८८२ च्या कायद्यात आहे. चिनी मजुरांना अमेरिकेत यायला त्या कायद्यानं बंदी घातली. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक, मुत्सद्दी एवढ्यांना तेवढी सूट. पुढे १८९८ मध्ये वाँग किम आर्क नावाच्या, सान फ्रान्सिस्कोतच जन्मलेल्या माणसानं सर्वोच्च न्यायालयात खटला जिंकला: अमेरिकेत जन्मलेला चिनी माणूस अमेरिकन नागरिकच. आणि नागरिकाला चीनमध्ये झालेला मुलगाही नागरिकत्वावर हक्क सांगू शकत होता. त्यातच १८ एप्रिल १९०६ ला सान फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि त्यापाठोपाठच्या आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्या. आता ‘माझा जन्म इथलाच’ असं कुणी म्हटलं, तर ते खोटं ठरवायला सरकारकडे दप्तरच उरलं नाही.

मग कागदांचा व्यापार उभा राहिला. चीनची फेरी करून आलेला माणूस अधिकाऱ्यांना सांगे, मुलगा झाला. कधी तो खरंच झालेला असे, कधी नसे. नसला तर त्या नोंदीवरची जागा विकता येई. भाव साधारणपणे वयाच्या दर वर्षामागे शंभर डॉलर. विकत घेणाऱ्याचा पोरगा तेवढ्या वयाचा असला की झालं. हे ‘कागदी मुलगे’. मुली यात फार कमी, कारण परदेशात जाऊन कमवायचं आणि घरी पैसे धाडायचे ते मुलानं, असा हिशेब होता.

कागदाबरोबर एक वहीही मिळे. तिच्यात बनावट घराण्याची वंशावळ, गावाचा नकाशा, शेजाऱ्यांची नावं, लग्नं, मयतं. पोरानं ती घोकायची आणि बेट येण्याआधी समुद्रात फेकायची. ऐन वेळी काही शंका आली, तर बेटावरच्या स्वयंपाकघरातले चिनी नोकर सुट्टीवर शहरात जाऊन येताना चिठ्ठ्या आणत आणि जेवणाच्या वेळी गुपचूप पोचवत. सरकारला हे ठाऊक होतं. म्हणून प्रश्न आणखी बारीक झाले, म्हणून वह्या आणखी जाड झाल्या.

१९२० च्या डिसेंबरमध्ये ‘चायना’ नावाच्या बोटीनं टायशान भागातला एक दहा वर्षांचा मुलगा बापाबरोबर आला. खरं नाव वाँग गेन यो. कागदावर तो लुक ताय याव, आणि बाप लुक गेट नावाचा व्यापारी. आई आणि बहीण गावी राहिल्या. त्या दोघी त्याला पुन्हा कधी दिसल्या नाहीत. बाप पूर्वी याच नावानं अमेरिकेत राहून गेला होता, त्यामुळे तो लवकर सुटला. मुलगा मात्र जवळपास महिनाभर बेटावर अडकला. त्या वेळी तिथं दुसरं मूल नव्हतं. बायका आणि पुरुष वेगवेगळ्या बराकींत ठेवले जात. बारा वर्षांखालची मुलं आईजवळ राहू शकत, पण ज्याची आईच समुद्रापलीकडे, त्यानं काय करायचं? २७ जानेवारी १९२१ ला त्याची जबानी झाली. एकही उत्तर चुकलं नाही.

बापाकडे तो सॅक्रामेंटोला गेला. शाळेत बाईंनी ‘ताय याव’चं ‘टायरस’ करून टाकलं. घरी बाप त्याच्याकडून चिनी सुलेखन गिरवून घ्यायचा. शाईला पैसे नसल्यानं कुंचला पाण्यात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर. अक्षर वाळलं की नाहीसं. हाच टायरस वाँग पुढे डिस्नेत लागला आणि ‘बॅम्बी’च्या (१९४२) धूसर, गहिऱ्या अरण्याचं रूप ठरलं ते त्याच्या चित्रांवरून. आईला पारखं झालेल्या पाडसाची गोष्ट नेमकी त्याच्याच वाट्याला आली, याचं अनेकांना भारी अप्रूप वाटतं. पण काम मिळालं ते हातातल्या कसबामुळे. सुंग राजवटीतल्या निसर्गचित्रांचा त्याचा अभ्यास होता. २०१६ मध्ये तो गेला तेव्हा १०६ वर्षांचा होता.

टायरस पढवलेला होता, म्हणून पार पडला. खऱ्या मुलांचं अवघडच. आपल्या घराच्या पायऱ्या कोण मोजून ठेवतो? बाप वर्षानुवर्षं परदेशात. तो गेल्यानंतर कणगी हलली असेल, शेजारचं घर पडलं असेल. दोघं खरं बोलले तरी उत्तरं जुळत नसत. ज्याच्या खटल्यानं हजारोंना वाट करून दिली, त्या वाँग किम आर्कचा थोरला मुलगा १९१० मध्ये बेटावर आला. जबान्यांत तफावत आहे म्हणत अधिकाऱ्यांनी त्याला मुलगा मानलंच नाही आणि परत पाठवलं. खोटं पकडायला म्हणून रचलेली ही परीक्षा घोकंपट्टी करणाऱ्याला सोपी आणि खऱ्याला कठीण होती, हे कुणा अधिकाऱ्याच्या ध्यानात आलंच नसेल असं मानणं जड जातं.

हिंदुस्थानी मुलंही या बेटावरून गेली. १९१५ च्या सप्टेंबरमध्ये पेशावरचे वैष्णो दास बगाई पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन आले. जवळ पंचवीस हजार डॉलर होते, म्हणून काही दिवसांतच सुटका झाली. पुढे बर्कलीत घर घेतलं. सामानासकट पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. मुलांना इजा होईल या भीतीनं कलाबाईंनी तिथं राहायला साफ नकार दिला. २०२१ मध्ये त्याच बर्कलीतल्या एका रस्त्याला ‘कला बगाई वे’ हे नाव लागलं.

चिनी बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, पण वर्षाला १०५ जणांचाच कोटा ठेवून. कागदी मुलगे तोवर बाप झाले होते, आणि उसनं आडनाव त्यांच्या मुलांनाही लागलं होतं. १९५६ पासून सरकारनं कबुलीजबाबाची योजना आणली: खरं सांगा, राहू देऊ. तेरा हजारांहून अधिक लोकांनी कबुली दिली. कित्येकांनी दिली नाही, कारण एकानं तोंड उघडलं की त्याच कागदावर आलेले भाऊ, काका, पुतणे सगळे उघडे पडत. अशा घरांतल्या पोरांना लहानपणापासून ताकीद असे: बाहेर कुणी घरचं विचारलं तर काही बोलायचं नाही.

बेटावरची बराक पाडायची ठरली होती. १९७० मध्ये अलेक्झांडर वाइस या उद्यानरक्षकाला तिच्या भिंतींवर कोरलेल्या चिनी कविता दिसल्या आणि बराक वाचली. त्या कविता जमवून पुस्तक करणाऱ्या तिघांपैकी एक ज्युडी युंग. त्यांचे वडील १९२१ मध्ये युंग या आडनावाच्या कागदावर आले होते. घराणं मूळचं टॉम. १९८० मध्ये पुस्तक निघालं, तेव्हा मुखपृष्ठावर आडनाव छापलं गेलं ते युंगच.