हॅरिएटची सुट्टी

इंग्लंडमधला १८८३ चा ॲगर-एलिस खटला वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होतो. आईबाप विभक्त, बाप प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक. सोळा वर्षांच्या हॅरिएटने मागितले काय, तर सुट्टी आईजवळ घालवू द्या, एवढेच! बाप ‘नाही’ म्हणाला. न्यायाधीशांनीही मान डोलावली : एकविसाव्या वर्षापर्यंत शब्द बापाचा. मोठी विद्वान माणसे ती!

सातच वर्षांनी, १८९० मध्ये, हिंदुस्थानात पालक व पाल्य कायदा झाला. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, असे त्याचे सतरावे कलम म्हणते. वयाचा आकडा नाही. आणि ‘घेऊ शकते’, ‘घेतलीच पाहिजे’ नव्हे. म्हणून आजही न्यायाधीश पुष्कळदा मुलाला आपल्या खोलीत, आईबापांविना, बोलावून विचारतात.