डोव्हर लेन संगीत संमेलन : गल्लीतील मांडव ते नजरुल मंच

दक्षिण कोलकात्यातील बालीगंज परिसरात, गरियाहाटपासून जवळच डोव्हर लेन नावाची गल्ली आहे. तेथे १९५२ मध्ये सुरू झालेले संगीत संमेलन आज देशातील प्रमुख शास्त्रीय संगीत महोत्सवांत गणले जाते. गल्ली मागे पडली, नाव मात्र कायम राहिले. जानेवारीच्या उत्तरार्धात होणारे हे संमेलन आता रवींद्र सरोवराजवळील नजरुल मंच येथे भरते.

पुण्यात आर्य संगीत प्रसारक मंडळाचा सवाई गंधर्व महोत्सव पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये सुरू झाला. गुरूंच्या स्मृत्यर्थ भीमसेन जोशी यांनी तो आरंभिला. दोन्हीकडे थंडीत शाल पांघरून पहाटेपर्यंत गाणे ऐकण्याची रीत होती. पुण्यात तर अखेरच्या रात्रीनंतर सकाळी भीमसेनांच्या गायनाने सांगता होत असे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी ही रीत बदलली. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई झाली; बंदिस्त सभागृहे त्यातून वगळण्यात आली. खुल्या जागी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही मर्यादा कायम ठेवली. आजारी आणि वृद्ध शेजाऱ्यांच्या झोपेचा प्रश्न खराच होता. कोलकाता उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले होते.

नजरुल मंच मुळात खुले नाट्यगृह. त्यावर पुढे छप्पर आले. त्यामुळे डोव्हर लेनला रात्र राखता आली. पुण्याने मैदान आणि मांडव राखला, पण रात्र गमावली.

हा फरक केवळ सोयीचा नाही. दरबारी कानडा, मालकंस हे रात्रीचे राग, तर ललित, भैरव पहाटेचे. दहाच्या आत आटोपणाऱ्या मैफलीत पहाटेच्या रागांना त्यांची वेळच मिळत नाही, आणि तरुण श्रोत्यांना ते ध्वनिमुद्रणांतूनच भेटतात. दोन्ही मंचांवर गायलेले रशीद खान यांच्यासारख्या कलावंतांनाही रागाची निवड घड्याळाकडे पाहूनच करावी लागली.

पुण्यात यावर उपाय म्हणून सकाळची स्वतंत्र सत्रे योजली गेली. तेथे भैरव, तोडी पुन्हा ऐकू आले. रात्रभर जागून पहाट गाठण्याचा अनुभव मात्र त्यात नव्हता.