दोन क्रॉसमधला शाफ्ट

जुनी ॲम्बॅसॅडर साठच्या पुढे गेली की बुडाखाली घरघर सुरू होते आणि आरशातला रस्ता थरथरू लागतो. मालक चाकांचं बॅलन्सिंग करून घेतो, टायर बदलतो. तरीही थरथर थांबली नाही, तर शोध गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टकडे वळवावा लागतो. या शाफ्टच्या दुखण्याचं मूळ मोटारीपेक्षा खूप जुनं आहे.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने १६७६ साली सूर्य पाहण्याच्या उपकरणाचं वर्णन करताना एका सांध्याची माहिती दिली. दोन दांडे एका रेषेत नसले तरी या सांध्यामुळे एकाची फिरकी दुसऱ्याला मिळते. आपल्या गॅरेजात त्याच्या मधल्या तुकड्याला ‘क्रॉस’ म्हणतात. पण त्यात एक खोड आहे. पहिला दांडा एकसारखा फिरत असला, तरी तिरका दुसरा दांडा प्रत्येक फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. इलाज एकच: दुसऱ्या टोकाला तसाच सांधा बसवायचा. दोन्हींचे कोन सारखे आणि शाफ्टवरचे दोन्ही योक, म्हणजे क्रॉसला धरणारे दुफाटे, एका पातळीत असले, तर एकाची खोड दुसरा मोडतो.

मोटारी आल्यावर फ्रान्सच्या लुई रेनॉने १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी शाफ्ट वापरला. इतर अनेक मोटारी मात्र साखळीवरच धावत राहिल्या, कारण उघडे सांधे धूळ खाऊन झिजत. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये सांधा वंगणासह बंद आवरणात ठेवण्याचं पेटंट मिळवलं आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू केलं. साखळीचे दिवस भरले.

भारतात उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि कुर्ल्याची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ला पुढच्या चाकांची ओढ असल्याने हा लांब शाफ्टच नव्हता. नव्या पिढीच्या मेकॅनिकांचा त्याच्याशी संबंध कमी होत गेला.

म्हणूनच साधी चूक वारंवार घडते. क्रॉस बदलताना शाफ्टचा सरकता भाग स्प्लाइनमधून, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या दात्यांमधून, बाहेर येतो आणि परत बसवताना एक-दोन दात इकडेतिकडे होतात. योकची पातळी बिघडते आणि नवा कोरा क्रॉस असूनही गाडी थरथरते. टॉप गिअरला इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर या गाड्यांचा शाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरतो. सेकंदाला शंभर हिसके बसल्यावर सेंटर बेअरिंग किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग किती तग धरणार?

मोकळ्या सपाट रस्त्यावर थरथर जाणवणाऱ्या वेगाला क्षणभर न्यूट्रल करून पाहावं. थरथर थांबली तर आधी इंजिनाकडे बघावं. राहिली तर शाफ्ट किंवा चाकांकडे. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर आतलं वंगण संपून बेअरिंगच्या सुया गंजल्या आहेत असं समजावं. आणि शाफ्ट उतरवण्याआधी फ्लँजवर व स्प्लाइनच्या दोन्ही भागांवर पंचाने खुणा करून घ्याव्यात. मेकॅनिक घाईत असला, तरी हा आग्रह सोडू नये.