तळहातावरचं चामडं

परवा क्लासमध्ये बारवर झोका घेताना उजव्या तळहाताची कातडी फाटली. चाळिशीत जिम्नॅस्टिक्स शिकायला निघालेल्या बाईचं घरी जे 'कौतुक' व्हायचं ते झालंच! मग सरांकडे हट्टाने चामडी ग्रिप्स मागितल्या. "मॅडम, इतक्यात नको. आधी झोका शिका." राग आला, आणि त्याच तिरीमिरीत वाचत बसले.

१८११ साली यानने बर्लिनच्या हासेनहाइडेत उघड्या मैदानावर व्यायामशाळा काढली. तेव्हा बार लाकडी होते. पुढे आडवा बार पोलादी झाला, झोके मोठे झाले. तळव्यावर चामडं आलं ते आधी केवळ कातडी वाचवायला. नंतर त्यात बोटांपाशी बारीक दांडी बसवली गेली. चामड्याची घडी बारला धरून ठेवते, बोटांचे श्रम वाचतात. म्हणजे राखणदारच पकड घेऊ लागला!

धोका तिथेच आहे. पुरुषांचा आडवा बार २८ मिलिमीटर जाडीचा, बायकांचा ४०. एकाची ग्रिप दुसऱ्याला चालत नाही. चामडं ताणून लांबलं, तर ते बारभोवती गुंडाळून अडकू शकतं. हात जागीच थांबतो, अंग मात्र फिरत राहतं... आणि हाताचं हाड मोडतं.

सरांचं पटलं. जी पकड अजून माझ्या हातात नाही, ती चामड्याकडून उसनी कशी घेणार?

तूर्त जखम भरू देतेय. बाकीचे घट्टे अंघोळीनंतर वजरीने हलकेच घासते. टाचांची वजरी तळहातांना लागेल असं कधी वाटलं नव्हतं. असो!