चाकांवरचे बिऱ्हाड: युरोप ते गोवा हा रस्ता उघडला कसा आणि मिटला कसा

१/
विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील अनेक तरुणांनी आपले बिऱ्हाड चाकांवर चढवले आणि ते थेट भारतापर्यंत आणले. लंडन किंवा म्युनिकहून निघालेली मोटार, तिच्यातच अंथरूण, तिच्यातच चूल, आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचा मुक्काम गोव्याचा किनारा. सुमारे दोन दशके हा प्रवास शक्य होता. मग अवघ्या दोन वर्षांत तो संपला. त्याचा हा इतिहास.

२/
हौसेसाठी फिरते घर बांधून घेण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. ब्रिटिश नौदलातील निवृत्त वैद्य व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्यातून ‘द वॉन्डरर’ नावाची घोड्यांची गाडी बनवून घेतली आणि तीतून ते इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत गेले. सोबत गाडीवान होता, सेवक होता. पुढे १९०७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘कॅरव्हान क्लब’ स्थापन झाला. मात्र हा सारा प्रवास एकाच राज्यातला होता. वाटेत परकी सरहद्द नव्हती.

३/
सामान्य मिळकतीच्या माणसाला असे घर मिळाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डच व्यापारी बेन पॉन यांनी १९४७ मध्ये एका साध्या मालवाहू गाडीचे रेखाटन केले. त्यावरून फोक्सवॅगनने मार्च १९५० मध्ये ‘टाइप २’ या गाडीचे उत्पादन सुरू केले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने या गाडीत बसवता येईल असे झोपण्याचे व स्वयंपाकाचे सामान तयार केले. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुट्टीत घर होऊ लागली.

४/
या गाडीचे इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होत असे. त्याला रेडिएटर नव्हता, म्हणून पाणी उकळून गाडी वाटेत बंद पडण्याची धास्तीही नव्हती. इराणच्या रखरखीत पठारावर हा गुण फार मोलाचा ठरला. रचना साधी असल्याने मामुली दुरुस्ती स्वतः करता येई. वेग बेताचा होता. पण महिनोन्महिने चालणाऱ्या प्रवासात वेगाची मातब्बरी नव्हती. रात्री पाठ टेकायला जागा हवी होती, आणि ती गाडीतच होती.

५/
वाहन मिळाले तरी रस्ता आहे का, हा प्रश्न उरलाच होता. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी सप्टेंबर १९५५ मध्ये दोन लँड रोव्हर घेऊन लंडन सोडले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूर गाठले. पाठोपाठ १५ एप्रिल १९५७ रोजी ‘इंडियामन’ ही प्रवासी बस लंडनहून निघाली आणि ५ जूनला कलकत्त्यास पोहोचली. एका बाजूचे भाडे ८५ पौंड होते. युरोपातून भारतात खुष्कीने येता येते, हे आता सिद्ध झाले होते.

६/
तेव्हाच आशियातील रस्त्यांचेही रूप बदलत होते. संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आर्थिक आयोगाने १९५९ मध्ये ‘आशियाई महामार्गा’ची योजना हाती घेतली. अफगाणिस्तानात तर शीतयुद्धाने रस्ते बांधले. हेरात ते कंदाहार हा रस्ता सोव्हिएत मदतीने झाला आणि कंदाहार ते काबूल हा अमेरिकन मदतीने. एकमेकांचे पाय ओढणाऱ्या दोन महासत्तांची कामे कंदाहारपाशी जुळली, आणि त्या सलग रस्त्यावरून युरोपातील तरुणांची फिरती घरे धावू लागली.

७/
तिसरी गरज कागदाची होती आणि तीच सर्वांत निर्णायक ठरली. माणूस परदेशात शिरतो तेव्हा त्याच्या पारपत्रावर शिक्का पडतो. पण मोटार शिरते तेव्हा सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने तो आयात झालेला माल असतो. ती मोटार त्या देशात विकली गेली, तर सरकारचा कर बुडतो. पूर्वी आपल्याकडे जकात नाक्यावर ट्रक जसा अडे, तसा प्रत्येक सरहद्दीवर या घरांचा खोळंबा होऊ शकत होता. प्रत्येक देशात पूर्ण आयातशुल्क भरायचे झाले असते, तर हा प्रवास कुणालाच परवडला नसता.

८/
या पेचावरचा उपाय म्हणजे ‘कार्ने द पासाज’ हे मोटारीचे हमीपुस्तक. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना सीमाशुल्क अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडताना दुसरा. तिसरा भाग दोन्ही शिक्क्यांसह पुस्तकातच राहतो. मोटार बाहेर गेल्याचा शिक्का नसेल, तर ते सरकार हमी देणाऱ्या मोटार संघटनेकडून शुल्क वसूल करते, आणि संघटना ते प्रवाशाने ठेवलेल्या तारणातून घेते. खासगी वाहनांच्या अशा तात्पुरत्या प्रवेशाला १९५४ च्या न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय कराराने व्यापक आधार दिला.

९/
या पुस्तकाची अट कठोर होती. मोटार आत नेली की ती बाहेर काढलीच पाहिजे. ती मोडली, जळाली किंवा चोरीस गेली, तरी तसे अधिकृतपणे सिद्ध करावे लागे. तुर्कस्तानात मोटारीची नोंद चालकाच्या पारपत्रावरच होई. मोटार मागे टाकून त्याला सहज देश सोडता येत नसे. ज्या घरात बसून माणूस मोकळा फिरत होता, त्याच घराला तो कागदाने बांधला गेला होता.

१०/
प्रवासाचा खरा उंबरठा इस्तंबूल. सुलतानअहमद भागातील ‘लाले’ उपाहारगृह तिथल्या खिरीमुळे ‘पुडिंग शॉप’ म्हणून प्रसिद्ध झाले. तिथल्या फलकावर प्रवासी एकमेकांसाठी चिठ्ठ्या लावत. कुणाच्या गाडीत जागा आहे, कुणाला सोबत हवी आहे, पुढचा रस्ता कसा आहे, हे सारे तिथे कळे. बॉस्फरसवर ऑक्टोबर १९७३ पर्यंत पूल नव्हता. तोवर ही फिरती घरे फेरीबोटीत चढून आशियात उतरत.

११/
पुढे अंकारा, एर्झुरूम, अरारात पर्वताची सावली, तबरीझ, तेहरान, मशहद, हेरात, कंदाहार, काबूल आणि खैबर खिंड. खिंडीतला प्रवास अंधार पडण्यापूर्वी उरकावा लागे. तोरखमच्या सरहद्दीवर वाहतुकीची बाजूही बदले. अफगाणिस्तानात उजवीकडून चालणारी गाडी पाकिस्तानात डावीकडे घ्यावी लागे. टोनी आणि मॉरीन व्हीलर हे दांपत्य १९७२ मध्ये एक जुनी छोटी मोटार घेऊन लंडनहून काबूलपर्यंत आले. त्या प्रवासावरच्या त्यांच्या १९७३ च्या पुस्तिकेतून ‘लोन्ली प्लॅनेट’ ही प्रवासग्रंथांची प्रकाशनसंस्था उभी राहिली.

१२/
हा मार्ग अखंड वाटला, तरी त्याला जागोजागी फाटके होती. पश्तुनिस्तानच्या वादातून पाकिस्तान व अफगाणिस्तान यांच्यातील सरहद्द सप्टेंबर १९६१ पासून १९६३ पर्यंत बंद राहिली. भारत व पाकिस्तान यांच्यातील १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वाघ्याची वाट मिटली. १९४७ पूर्वी खैबर ओलांडले की थेट कन्याकुमारीपर्यंत एकच राज्य होते. फाळणीनंतर त्याच रस्त्यावर, लाहोर आणि अमृतसर यांच्या मधोमध, एक नवी सरहद्द उभी राहिली.

१३/
गाडीतील दिनक्रम मात्र कुठल्याही संसारासारखाच होता. पाणी कुठे भरायचे, रॉकेल कुठे मिळेल, रात्री गाडी कुठे लावली तर कुणी उठवणार नाही, याची विवंचना रोजची. घरची पत्रे पुढच्या मोठ्या शहरातील टपाल कचेरीच्या पत्त्यावर येत आणि धनी येऊन मागेपर्यंत तिथे पडून राहत. पोटाचे विकार, काविळीची साथ, अपघात यांनी कित्येकांचा प्रवास अर्ध्यावर थांबवला. सारेच प्रवासी हिप्पी नव्हते. त्यांत मुलाबाळांसह निघालेली कुटुंबे होती, शिक्षक होते, नोकरी सोडून निघालेले कारागीर होते.

१४/
गोवा डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कळंगुट, हणजूण, वागातोर या किनाऱ्यांवर परदेशी प्रवासी मुक्काम करू लागले. हिवाळा गोव्यात काढायचा आणि उन्हाळा चढू लागला की मनाली किंवा काठमांडूकडे निघायचे, असा अनेकांचा क्रम ठरून गेला. माडांच्या सावलीत जर्मन, फ्रेंच, ब्रिटिश क्रमांकांच्या गाड्या उभ्या दिसू लागल्या.

१५/
रापणकार, रेंदेर आणि शेतकरी यांच्या या गावांना हे पाहुणे अजब वाटले. खोल्या भाड्याने देणे, जेवण पुरवणे यांतून घरात रोकड आली. त्याचबरोबर किनाऱ्यावरची नग्नता आणि अमली पदार्थ यांमुळे गावांत अस्वस्थताही वाढली आणि त्याविरुद्ध आवाजही उठला. गोव्याच्या पर्यटनाची पुढची वाटचाल या दोन्ही गोष्टींना सोबत घेऊनच झाली.

१६/
आता हाच रस्ता भारताच्या बाजूने पाहावा. सामान्य भारतीयाला त्या काळी पारपत्र हे हक्क म्हणून मिळत नसे. ते देणे वा नाकारणे शासनाच्या मर्जीवर होते. सतवंत सिंग सॉहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९६७ मध्ये निर्णय दिला की परदेशी जाण्याचा अधिकार हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यानंतर त्याच वर्षी संसदेने पारपत्र कायदा केला. इंडियामन बस कलकत्त्यास येऊन तोवर दहा वर्षे लोटली होती.

१७/
पारपत्र मिळाले तरी परकीय चलन मिळणे दुरापास्त होते. मुंबईतील ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ ही १९१९ पासूनची संस्था कार्ने देऊ शके. पण वाटेतल्या इंधनासाठी डॉलर कुठून आणायचे? काटकसरीने जगणारा युरोपीय तरुण आपली बचत कुठल्याही सरहद्दीवर वटवू शकत होता. त्याच्याहून सधन असलेल्या मुंबईकरालाही ते साधत नव्हते. रस्ता एकच होता. पण जाण्याची आणि येण्याची मुभा सारखी नव्हती.

१८/
१९७३ च्या तेलसंकटात तेलाचे दर जवळपास चौपट झाले, तरी हा प्रवास थांबला नाही. तो थांबला राजकारणाने. काबूलमध्ये २७ एप्रिल १९७८ रोजी साम्यवादी उठाव झाला. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. मार्चमध्ये हेरातमध्ये बंड होऊन रक्तपात झाला. नोव्हेंबरमध्ये तेहरानमधील अमेरिकन दूतावास ताब्यात घेतला गेला आणि डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. ज्या देशांच्या मदतीने कंदाहारचा रस्ता घडला होता, त्यांपैकी एकाचे रणगाडे आता त्या देशात उतरले होते.

१९/
काही गाड्या त्यानंतरही इराणमधील झाहेदानहून क्वेट्ट्याच्या वाटेने येत राहिल्या. पण काबूलवरून येणारी वर्दळ संपली. फिरत्या घराची ओढ मात्र संपली नाही. जर्मनीचे गुंथर होल्टोर्फ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ‘ओटो’ नावाच्या एकाच मर्सिडीज गाडीतून सुमारे नऊ लाख किलोमीटर प्रवास केला. गाडीतच झोपत, गाडीपाशीच जेवण रांधत त्यांनी जग पालथे घातले. ती गाडी पुढे श्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात ठेवली गेली.

२०/
अलीकडच्या काळात भारतीयही स्वतःच्या गाड्या घेऊन परदेशी निघू लागले. मणिपूरमधील मोरेह येथील सरहद्द ऑगस्ट २०१८ मध्ये पारपत्रधारकांसाठी रीतसर खुली झाली आणि म्यानमारमार्गे थायलंडची वाट सोपी झाली. २०२० मध्ये महासाथीमुळे ती मिटली. फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि देश यादवीत लोटला गेला. पश्चिमेला, एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम हल्ल्यानंतर भारताने अटारीची तपासणी चौकीही बंद केली.

२१/
घर सोबत घेऊन फिरणारा माणूस स्वतंत्र असतो, असे वाटते. चूल त्याची, अंथरूण त्याचे, सकाळी निघण्याची वेळही त्याचीच. पण पुढच्या फाटकावरचा अधिकारी त्याचा नसतो. युरोप ते गोवा हा रस्ता चालला, कारण एका मागोमाग एक असलेल्या अर्धा डझन शेजारी देशांनी एकाच वेळी परक्याच्या गाडीवर शिक्का मारण्याची तयारी ठेवली होती. त्यांतल्या दोन देशांत राजवट उलथली, आणि साखळी तुटायला तेवढे पुरे झाले.

२२/
कंदाहारचा रस्ता आजही आहे. खैबर जागच्या जागी आहे. वाघ्यापासून अमृतसर जेमतेम ३० किलोमीटर. लंडनहून दिल्लीला खुष्कीने यायला लागणारे सुमारे दहा हजार किलोमीटर अंतर १९५७ मध्ये होते तेवढेच आहे, आणि गाड्या तर तेव्हापेक्षा कितीतरी चांगल्या आहेत.

(धागा समाप्त)