हा आवाज कोणाचा? बासचं पेडल ते मिरजेची जवारी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथे फारच वाहवत गेलो तिथे थोडी कात्री लावलीय, बाकी सगळं तेच.

कुठल्याही बास गिटार वाजवणाऱ्याला विचारा, "बाबा रे, हेच पेडल का घेतलंस?" उत्तरात पेडलच्या आधी माणसाचं नाव येतं. पेडल म्हणजे पायाशी ठेवलेला तो छोटा डबा. गिटारची वायर त्यातून जाते, आणि पायाने बटण दाबलं की आवाज फाटतो, घुमतो किंवा 'वाव-वाव' करत बोलायला लागतो. वाव-वाव करणारं 'वा-वा' पेडल बाजारात आलं १९६७ मध्ये, आणि ते मुळात बाससाठी नव्हतंच. १९७० च्या ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममध्ये गीझर बटलरने बासचा एक सोलो त्यातून वाजवला. बटलरला मानणारा एक पोरगा होता, क्लिफ बर्टन. तो १९८३ मध्ये मेटालिकाच्या पहिल्या अल्बममध्ये वा-वा आणि फाटका आवाज एकत्र करून अख्खं एक गाणंभर बासचा सोलो वाजवतो. पुढे मॉर्ली कंपनीने क्लिफच्या नावाचं पेडलच काढलं. ते आज विकत घेणारा मुलगा नक्की काय विकत घेतो? सर्किट तर इंटरनेटवर फुकट मिळतं. मी इंजिनिअर आहे, मला तर ते कागदावर समजतंसुद्धा. पण पैसे आपण त्या नावाला देतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

आता गंमत बघा. हाच व्यवहार सांगली जिल्ह्यात, मिरजेला, विजेशिवाय दीडशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे. तिथल्या 'पेडल'चं नाव जवारी.

जवारी म्हणजे काय, हे जरा निवांत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे. गिटारची तार एका टोकाला धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची किंवा सतारीची तार टेकते रुंद, चपट्या घोडीवर. ही घोडी दिसते सपाट, पण तिला अगदी किंचित, बोटालाही नीट कळणार नाही असा उतार असतो. तार छेडली की ती थरथरताना या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि सुटते. त्यामुळे मूळ सुराबरोबर वरचे बारीक सूर जागे होतात, आणि 'झंऽऽ' असा तो ओळखीचा नाद येतो. तंबोऱ्यात तर तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक दोरा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. तुमच्या पेडलवरचं बटण आहे ना गोल, फिरवायचं? ते म्हणजे हा दोरा.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही हं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. पुस्तकातला नियम असा की तार जिथे छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो ते उपस्वर वाजता कामा नयेत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते खणखणीत वाजतात, हे रामन यांनी दाखवलं, आणि त्याचं कारण ही घोडी. म्हणजे भौतिकशास्त्राने जे नाही म्हटलं होतं ते आपले कारागीर कानसने घासून काढत होते.

कारागीर कोण, तर शिकलगार. तलवारींना धार लावणारे, हत्यारं दुरुस्त करणारे. पेशवाई गेली, लढाया थांबल्या, तलवारींचं काम आटलं. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान होतं, दरबारात गाणं होतं, आणि उत्तरेतून येणाऱ्या गवय्यांची वाद्यं वाटेत मोडत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी आधी दुरुस्तीला आणि मग नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली, असं मिरजेत सांगतात. हत्यार घासणारा हात घोडी घासायला लागला. त्या घराण्यांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं आणि गल्ली झाली सतारमेकर गल्ली. लाकूड तुणाचं, आणि भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, कडू जातीचे, जाड सालीचे. भाजीचे नव्हेत, विचारू नका.

यात साताऱ्याचं एक प्रकरण आहे, आणि मला ते फार आवडतं. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टर आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स हे जिल्हा न्यायाधीश. दोघांचाही सरकारी नोकरीमुळे साताऱ्याशी संबंध. दोघांना एकच वेड: बावीस श्रुती मोजून आकड्यात पकडायच्या. देवलांचं पुस्तक १९१० चं, क्लेमेंट्सचं १९१३ चं. पण मोजायचं कोणाचं गाणं? त्यांनी कान धरला अब्दुल करीम खाँसाहेबांचा. किराणा गावचे, जन्म १८७२ चा, पण शेवटी मिरजेचे झालेले, वाद्य दुरुस्तीतही हात बसलेले, आणि सुराच्या बाबतीत कोणाचीही भीड न धरणारे. त्यांच्या गळ्यातून श्रुती ठरवायच्या आणि तशी पेटी बनवून घ्यायची असा बेत. लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने ती श्रुतिपेटी बनवलीही. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे ती मांडली गेली, आणि वाद झाला. पं. भातखंडे यांना हा हिशेब पटला नाही. पेटी काही घरोघरी गेली नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा 'प्रीसेट' बनवायचा प्रयत्न होता. एका मोठ्या गवयाचा कान घ्यायचा, यंत्रात कायमचा बसवायचा, आणि सगळ्यांनी तोच वापरायचा. मला त्या दोघांबद्दल आदर आहे, साताऱ्यात बसून एवढी खटपट करणं सोपं नव्हतं. पण त्याच काळात, रेल्वेने काही तासांवर मिरजेत, त्याच खाँसाहेबांचा कान दुसऱ्या वाटेने पसरत होता. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, हिराबाई बडोदेकर त्यांची मुलगी. किराण्याचा गवय्या म्हटला की तंबोऱ्याचा नाद भरलेला, गोल, सूर त्यात बुडेल असा हवा. पंचमाऐवजी निषादाला तार लावली तर तीही तशीच बोलली पाहिजे. जवारी काढणाऱ्याला हे कुणी आकड्यात सांगत नाही. समोर बसून "अजून थोडी उघडा... बास, बास, आता गेली" असं चालतं. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर मिरजेलाच मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, आणि दरवर्षी उरुसाला तिथे गाणंबजावणं होतं.

आता सतारीकडे येऊ, कारण तिथे हा 'कोणाचा आवाज' प्रश्न अगदी उघडा पडतो. विसाव्या शतकाच्या मध्याला दोन मोठे कलाकार, पं. रविशंकर आणि उस्ताद विलायत खाँ. रविशंकर मैहरच्या अल्लाउद्दीन खाँसाहेबांचे शिष्य. त्यांना आलापात खाली, एकदम खर्जात उतरायचं होतं, सूरबहारसारखं. म्हणून त्यांच्या सतारीला जाड खर्जाच्या तारा. बास वाजवणाऱ्यांनो, इथे टाळ्या वाजवा. पण जलद गतीला याच तारा घुमून चिखल करतात. मग दांडीवर एक छोटा आकडा बसवला: तार त्यात अडकवली की गप्प, सोडली की चालू. पेडलच्या चालू-बंद बटणाला याहून जवळचं काही मला माहीत नाही. आणि जवारी खुली, चमकदार, तारेवर ऊन पडल्यासारखी.

विलायत खाँचं उलट. त्यांना सतारीने गायला हवं होतं. एकाच पडद्यावर तार खेचत चार-पाच सुरांची मींड घ्यायची, गळ्यातून यावी तशी. त्यांनी खर्जाच्या तारा काढल्याच, त्या जागी गंधार-पंचम असे साथीचे सूर आणले, आणि जवारी बंद ठेवली. झणझणाट कमी, सूर गोल आणि लांब. निखिल बॅनर्जी यांनी तिसरी वाट काढली, खर्ज ठेवला पण झणझणाट आवरला.

या दोघांची वाद्यं घडवणारे कलकत्त्याचे, नोदू मल्लिक आणि हिरेन रॉय. पण परिणाम मिरजेपर्यंत आला. सतारींचे सरळ दोन गटच पडले, खर्ज-पंचम आणि गंधार-पंचम, आणि सगळ्या सतारमेकरांना दोन्ही यायला लागलं. गिऱ्हाईक घोडीचा उतार किती हे सांगत नाही, सांगू शकतही नाही. तो म्हणतो, "रविशंकरांसारखी" किंवा "विलायत खाँसारखी". हे नावच मोजमाप. जवारी काढणं हे घासायचं, ऐकायचं, पुन्हा घासायचं काम आहे, आणि एक कानस जास्त फिरली की परत नव्याने सुरुवात. बहुतेक वादक ते दुसऱ्याच्या हातावर सोडतात. त्यामुळे एका वादकाचा दुसऱ्यावर पडणारा प्रभाव मधल्या एका तिसऱ्या माणसाच्या मनगटात साठलेला असतो. त्या माणसाचं नाव रेकॉर्डवर छापत नाहीत.

शिवाय ही गोष्ट टिकत नाही. तार घोडीत खाचा पाडते, जवारी बिघडते, पुन्हा काढावी लागते. पूर्वी घोडीला सांबराचं शिंग असायचं, वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, मग उंटाचं हाड, आबनूस, फायबर. प्रत्येकाचा आवाज वेगळा, म्हणजे हाताला पुन्हा शिकणं आलं.

पश्चिमेकडचा हिशेबही इथे पुरा करून टाकू. १९६७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरेला एकाच दिवशी दुपारी रविशंकर वाजवून गेले आणि रात्री जिमी हेंड्रिक्सने गिटार जाळली. त्याच वर्षी डॅनइलेक्ट्रो कंपनीने 'कोरल' नावाची इलेक्ट्रिक सतार आणली. ती गिटारच होती, फक्त घोडी चपटी करून तार झणझणेल असं केलेलं. पुढे तर 'रविश सितार' नावाचं पेडलसुद्धा निघालं. जवारीचं खरोखरच पेडल झालं, आणि नावात पुन्हा माणूसच.

आता आजचं. तंबोऱ्याची ॲप आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत, माझ्याही आहेत. चोवीस तास सुरात, भोपळा फुटायची भीती नाही. विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात हजारो रुपयांचा तंबोरा घ्यायला लावणं मला पटत नाही, तेव्हा ॲपला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण आत काय चालतं ते सांगतो. बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी एका तंबोऱ्याची तार कधीतरी एकदा ध्वनिमुद्रित केलेली असते आणि तीच फिरत राहते. त्या दिवशी त्या घोडीवर जी जवारी होती ती गोठलेली. देवल-क्लेमेंट्सच्या पेटीला जे जमलं नाही ते फोनने आरामात केलं. नवीन शिकणाऱ्या हजारो पोरांच्या कानात तीच जवारी बसणार, आणि ती कोणी कोणासाठी काढली होती हे त्यांना कळणारही नाही. पंधरा वर्षांनी यातला एखादा मिरजेला गेलाच, तर तो काय सांगणार? "ॲपसारखी"?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे जीआय. चांगलं झालं, आता कुठलाही तंबोरा 'मिरजेचा' म्हणून खपवता येणार नाही. लाकूड, भोपळा, गाव हे कागदावर येतं. मनगट येत नाही. सतारमेकरांच्या पुढच्या पिढीतली किती मुलं कानस हातात घेतात, यावर बाकीचं आहे, आणि ते गिऱ्हाईकाला जवारीतला फरक ऐकू येतो का याच्यावर.

तर एवढं करा. चांगले हेडफोन लावा. रविशंकर, विलायत खाँ, निखिल बॅनर्जी, प्रत्येकाचा कुठलाही आलाप, पहिली तीन-तीन मिनिटं, लागोपाठ. राग ओळखायच्या फंदात पडू नका. फक्त तार छेडल्यानंतर ती विझताना काय करते ते ऐका. मग अब्दुल करीम खाँसाहेबांची एखादी जुनी तबकडी ऐका. खरखर आहे, पण गळा तंबोऱ्यातून निघाल्यासारखा कसा लागतो ते बघा. आणि तुमच्यापैकी कोणी बास वाजवत असेल तर मला लिहून कळवा: तुमचं पहिलं पेडल कोणामुळे घेतलं?