गिळलं, पण पचलं नाही

१८६९ साली रशियात एक लग्न लागलं. नवरीला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. आजारानं तिच्यात चालण्याचं त्राण उरलं नव्हतं. चारच वर्षांनी, १८७३ मध्ये, क्षयानं तिला नेलं. दुःखाच्या भरात नवऱ्यानं विष घेतलं, पण तो वाचला. त्याचं नाव एली मेचनिकॉफ.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीतल्या मेसिनाला मेचनिकॉफनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. सकाळी पाहतात तर काट्यांभोवती पेशींचा गराडा! परक्याला गिळणाऱ्या या भक्षकपेशी. या शोधासाठी १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण गिळलेलं पचतं कसं? १९५५ मध्ये बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द दूव्ह यांनी पेशीतल्या, पाचक विकरांनी म्हणजे एन्झाइम्सनी भरलेल्या पिशव्या दाखवल्या. त्यांना नाव दिलं लायसोसोम. गिळलेला जंतू ज्या कप्प्यात असतो, त्यात ही पिशवी रिती होते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू मात्र बेरकी. १९७१ मध्ये लंडनच्या आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी दाखवलं, की जिवंत जंतू ही पिशवी आपल्या कप्प्याशी जुळूच देत नाही. पहारेकऱ्याच्या घरातच चोर बिऱ्हाड करतो!

पेशीकडे आणखी एक हत्यार असतं. एक विकर नायट्रिक ऑक्साइड हा जंतूंना मारक वायू तयार करतं. ते विकर नसलेल्या उंदरांत क्षय भडकतो, हे १९९७ मध्ये दिसून आलं. उलट काही विकरं मोकाट सुटली, की फुफ्फुसाचाच सांगाडा पोखरतात. पोकळ्या पडतात आणि खोकल्यावाटे जंतू बाहेर पडतात. हत्यार दुधारी आहे.

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात हा जंतू शिरलेला असतो, असा अंदाज आहे. त्यांपैकी शंभरात पाच ते दहाच जण आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांच्या पेशी त्याला कोंडून ठेवतात. उपासमार, मधुमेह, एचआयव्ही हा पहारा सैल करतात. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं.

औषध हवंच, ते अर्ध्यावर सोडायचं नाही. पण आत लढणाऱ्या पेशीलाही भाकरी लागते. ज्या घरात क्षय आहे, त्या घरची चूल पेटते का, हेही विचारायला हवं.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)